तिनं तुडूम पाहिलं नव्हतं

ही हकिगत सांगायची मी दोन वर्षांहून अधिक काळ टाळत आलो. कोणी विचारलंच नाही, असं म्हणायची सोय मला नाही. बायकोने विचारलं, तीनदा. तिन्ही वेळा मी चष्मा पुसत बसलो. आता वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेलं आहे, आणि ज्याच्या तोंडावर हे बोलायला मी भीत होतो तो माणूस उरला नाही. मेलेल्या माणसाला खरं सांगायला फार धैर्य लागत नाही, हे मला कळतं. तरी लिहितो.

आमचं गाव साकोली तालुक्यात, सानगडीच्या बाजाराला जाणारं. गावाला मालगुजारांच्या काळातला तलाव आहे आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मी हायस्कुलात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर तलावाच्या पाणीवाटप समितीचा सचिव झालो; म्हणजे सभा बोलवायची आणि रजिस्टर लिहायचं. गावात मला सगळे गुरुजी म्हणतात. काही अडलं की माझ्याकडे येतात. फॉर्म भरायचा असो, मुलीला कोणत्या शाखेला घालायचं असो, बीपीच्या गोळीचं असो. एक विषय सोडून. तलावाचं काही असलं की लोक माझ्या दारावरून तसेच पुढे जात आणि पाणकराच्या अंगणात जाऊन बसत.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. मी त्याला भाऊ म्हणायचो. बाप पाणकर, आजा पाणकर. स्वतः चौथी शिकलेला. तलावातून पाटाला पाणी सोडायच्या जागेला आमच्याकडे तुडूम म्हणतात. आमचं तुडूम जुन्या घडणीचं आहे. मातीच्या पारेच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या अंगाला दगडी पायऱ्या, पायरीपायरीला एक भोक, भोकात लाकडी दट्ट्या. पाणी उतरेल तसा खालचा दट्ट्या काढायचा. पाणकर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पायाच्या अंगठ्याने भोक चाचपायचा आणि पारेवर उभ्या माणसाला सांगायचा, इतक्या दिवसांचं पाणी आहे. एकदा मी विचारलं, हे कसं कळतं?

"भोकातून पाणी ओढते ना गुरुजी, ते पायाले सांगते."

पाण्याच्या दाबाचा नियम मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिला होता, तोच याच्या अंगठ्यात होता. त्या दिवशी मला त्याचं कौतुक वाटलं. पुढे वाटेनासं झालं.

त्याची एक रीत होती. पाऊस लवकर उघडला आणि धान निसवायच्या, लोंबी बाहेर पडायच्या वेळी तलावाचं पाणी द्यायची पाळी आली, की पाणी आधी टोकाला. पाटाला लागलेल्या सगळ्या बांध्यांची तोंडं तो गवत-चिखलाने बुजवायचा आणि पारेखालच्या लोकांच्या शिव्या खात पाणी थेट शेवटच्या बांधीत नेऊन सोडायचा. तिथून मागे मागे येत पारेपाशी संपवायचा. पारेखालचे म्हणायचे, तलाव आमच्या डोक्यावर आणि आम्हीच तहानलेले. तो म्हणायचा, "तुमी झोपले तरी पार तुम्हाले पाजते. त्याईले कोण पाजन?" आणि वाद तिथे संपायचा.

आता फोनचं सांगतो. मुलीने मला पहिला बोटाने चालणारा फोन घेऊन दिला त्याला दहा वर्षं होत आली. मी शोधायला शिकलो, आणि मला त्याचा छंद लागला. धानावर कडाकरपा आला की मी दोन-चार शब्द टाकायचो आणि समोर पानांची यादी यायची. एखाद्या विद्यापीठाची पुस्तिका, औषध विकणाऱ्याची जाहिरात, छत्तीसगडच्या शेतकऱ्याचा व्हिडिओ, पंजाबातल्या कोणाचा तरी लेख. एकाचं दुसऱ्याशी पटायचं नाही. मी वहीत रकाने आखून कोण काय म्हणतो ते उतरवायचो, आणि तरी निकाल लागला नाही की वही घेऊन पाणकराच्या अंगणात जायचो. तो बिडी विझवून ऐकायचा. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"हे सांगणारा कोणत्या गावचा?"

"पंजाबातला आहे."

"मंग त्याले पंजाबातच राहू द्या गुरुजी. दुसरा कोण म्हनते?"

असं आम्ही दोघे मिळून जगभरच्या माणसांना एकेक करून त्यांच्या गावी परत पाठवायचो. शेवटी एखादा उरायचा. त्याचं ऐकून जे करायचो ते बहुतेक वेळा बरं निघायचं. आज वाटतं, त्या पानांचं आपसात पटत नव्हतं म्हणूनच मी उठून कोणाच्या तरी अंगणात जात होतो.

मग यादीच्या वर एक चौकट यायला लागली. आधी चार ओळींची, मग मोठी. सगळी पानं वाचून कोणीतरी माझ्यासाठी सार काढून ठेवावं तशी. खालची यादी तिथेच होती, पण बोट खाली सरकेना. पुढे शब्द टाकायचीही गरज राहिली नाही. माणसाला विचारावं तसं फोनला विचारायचं आणि एका बाईच्या आवाजात उत्तर यायचं. तिची मराठी स्वच्छ, न अडखळणारी, शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबबाईसारखी. ती "असं म्हणतात" म्हणायची नाही, "मला ठाऊक नाही" क्वचितच म्हणायची. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की उत्तरात चूक असू शकते, तपासून घ्यावं. माझा वाचायचा चष्मा त्या अक्षरांना पुरत नव्हता, आणि मी नवा केला नाही. वही बंद पडली. एकाच आवाजाचे रकाने कसे आखणार?

गावातही तेच झालं. पूर्वी लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, "गुरुजी, पाहून सांगा ना." आता ज्याच्या त्याच्या खिशात ती बाई होती. माझ्या ओट्यावर संध्याकाळी बसणारे कमी झाले. मला ते लागलं, हे लपवत नाही. त्यातही, माझ्याकडचे लोक कमी झाले तरी पाणकराच्या अंगणातले झाले नाहीत. तलावाचं काही कोणी फोनला विचारत नव्हतं. ते काम मी केलं.

त्या वर्षी पावसाने लवकर पाठ फिरवली. धान गर्भात होता आणि बांध्यांना भेगा पडायला लागल्या. तलाव निम्म्याच्याही खाली. समितीची सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. अध्यक्षांची शेती पारेखाली. सभेत संख्याही पारेखालच्यांचीच जास्त. टोकाकडून चार-पाच जण आले होते. त्यांत शेवटच्या बांधीवाली काकू, नवऱ्यामागे एकटीने शेती ओढणारी.

अध्यक्ष म्हणाले, "दरवर्षी टोक, टोक. यंदा पानी कमी आहे. पाट कोरडा पडला आहे, टोकाले जाईपर्यंत अर्धं पानी पाटच पिईन. शास्त्र काय म्हनते, गुरुजी?"

मी फोन काढला. विचारलं, "तलावात पाणी कमी आहे. धानाला ते कसं वाटावं म्हणजे वाया जाणार नाही?" आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. बाई म्हणाली की पाणी लांबवर नेताना बरंच जमिनीत मुरतं; म्हणून टंचाईत उगमाजवळच्या क्षेत्राला प्राधान्य द्यावं आणि मग उरलेलं पुढे न्यावं. आणखीही तीन-चार मुद्दे सांगितले. आमच्या सभेत इतकं सरळ बोलणारं माणूस कधी आलंच नव्हतं.

पाणकर खांबाला टेकून बसला होता. त्याने विचारलं, "ही बाई कोणत्या गावची हाये गुरुजी?"

लोक हसले.

"तिनं तुडूम पाह्यलं का?"

आणखी हसले. पण हे हसणं त्याच्या बाजूचं होतं, आणि ते मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "भाऊ, तिनं जगातले सगळे तलाव पाह्यले. तुमी एकच पाह्यला."

आता सगळे माझ्या बाजूने हसले. तो म्हणाला, "मंग एक तं नीट पाहू द्या ना."

त्याने समजावून सांगितलं. पारेखालची जमीन कन्हार, काळी, पाणी धरून ठेवणारी. शिवाय पारेतून पाझर येतो तो वेगळा. टोकाची जमीन बर्डी, मुरमाड. तिथे पाणी थांबत नाही, धान निसवायच्या वेळी चार दिवस उशीर झाला की दाणा भरत नाही. हे तो मला नवं सांगत नव्हता. मला माहीत होतं. बाईला माहीत नव्हतं, कारण मी तिला सांगितलं नव्हतं.

शेवटी आधी पारेखाली पाणी द्यायचं ठरलं. तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे. पन मुदत घाला. वरच्याईले तीन दिवस, मंग टोक. तसं लिहा." अध्यक्ष म्हणाले, "मुदत कायले? भरलं की सोडू. आपन का चोर आहो?" मुदत घातली गेली नाही.

आमच्याकडे रजिस्टर लिहायची एक पद्धत आहे, आणि ती फक्त आमच्याकडेच असेल असं नाही. सभा संपली की लोकांना घरी जायची घाई असते. म्हणून आधी सह्या घेतात. सचिव वर पान-दीड पान कोरं सोडतो आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेऊन टाकतो. ठराव नंतर सवडीने घरी लिहायचा. इतकी वर्षं मी तसंच केलं, आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण लिहिणारा गुरुजी होता. त्या दिवशीही सह्या घेतल्या. पाणकराने नेहमीप्रमाणे जीभ दातात धरून, हाताने कागद दाबून सही केली. पान कोरं राहिलं. घरी आल्यावर मी ते लिहिलं नाही, लिहू, म्हटलं.

सभेत ठरल्याप्रमाणे त्याने दट्ट्या काढला. पारेखालच्या बांध्या दोन दिवसांत ओल्या झाल्या, चार दिवसांत भरल्या. पण भरलेली बांधी कोणाला भरलेली वाटत नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. पिंडऱ्यांना चिखल तसाच.

"गुरुजी, मी तोंडं बुजवून राहिलो, हे लोक मांगून फोडून राहिले. तुमी चाला पाटावर. तुमचं ऐकतीन."

मी त्याला म्हणालो की निसवत्या धानात चार बोटं पाणी उभं पाहिजे असं तिने सांगितलं आहे, अजून एक दिवस होऊ द्या. मी चहा पीत होतो. त्याला विचारलाही नाही.

टोकाला पाणी पोचलं ते बाराव्या दिवशी, आणि दीड दिवसात तुडुमाचं सगळ्यात खालचं भोक उघडं पडलं. भरलेली लोंबी वाकते. दिवाळीच्या सुमाराला पारेखालचा धान वाकून जमिनीला टेकला होता आणि टोकाच्या बांध्यांत लोंब्या ताठ उभ्या होत्या, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या. काकूने मला तिथे नेलं. एक लोंबी तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हातात काही उरलं नाही.

"गुरुजी, तुमच्या त्या बाईले इचारा," ती म्हणाली, "हा कोंडा कसा रांधाचा ते."

पुढची सभा गच्च भरली. टोकाचे लोक ओरडत होते, आणि ते अध्यक्षांवर ओरडत होते. मधूनच माझ्याकडेही बोट येत होतं. अध्यक्ष मुरलेले. ते म्हणाले, "फोननं काय सांगितलं ते जाऊ द्या, तो निस्ता सल्ला झाला. ठराव काय झाला होता? गुरुजी, रजिस्टर वाचा."

मी वाचलं. कारण आदल्या दिवशी मी ते कोरं पान भरलं होतं. अध्यक्ष घरी येऊन गेले होते. फार काही बोलले नव्हते, एवढंच म्हणाले, "पान रिकामं हाये म्हनता? मंग तं बरं आहे." बाकीचं मी माझ्या हाताने केलं, माझ्या वळणदार अक्षरात. लिहिलं की, पारेखालील बांध्यांना तीन दिवस पाणी देऊन लगेच टोकास सोडावे; मुदत पाळण्याची व तोंडे बंद करण्याची जबाबदारी पाणकराची राहील.

तीन दिवसांची मुदत त्याने मागितली होती. आम्ही नाकारली होती. तीच त्याची मागणी मी त्याच्यावर आरोप म्हणून लिहिली, आणि खाली त्याची सही आधीच होती.

वाचून झाल्यावर सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो उठेल. त्याने उठावं असं कुठेतरी वाटतही होतं. काकू ओरडली, "खोटं आहे! भाऊ, बोला ना काही!" तो बसल्या जागेवरून माझ्याकडे पाहत होता. रागाने नाही. एखादा दट्ट्या नेहमीच्या जागी नसावा आणि पाय पाण्यात चाचपत राहावा, तसं.

"गुरुजीनं लिहिलं हाये," तो म्हणाला. "तं बरोबरच असन."

समितीने त्याला काढलं. कोणीतरी उठवलं की तलावात मासे राहावेत म्हणून त्याने पाणी राखलं. मी तेही खोडलं नाही. उलट, टोकाचे लोक भंडाऱ्याला, जिल्ह्याच्या कचेरीत, तक्रार करतील या भीतीने मी समितीच्या वतीने एक निवेदन लिहून जिल्ह्यातल्या एका छोट्या बातम्यांच्या संकेतस्थळाला पाठवलं. त्यांनी ते जसंच्या तसं टाकलं. पाणकराच्या हलगर्जीपणामुळे टोकाचा धान वाळला, समितीची कारवाई. गावाचं नाव, तलावाचं नाव. पाणकराचं नाव नव्हतं. एका गावात पाणकर एकच असतो, नावाची गरज नव्हती.

उन्हाळ्यात तो घर बंद करून लेकीकडे गेला, तुमसर तालुक्यात, सिहोऱ्याजवळच्या एका गावात. त्याची बायको आधीच वारली होती. जाताना भेटायला आला नाही. मीही गेलो नाही.

पुढच्या वर्षी एके दुपारी, सहज म्हणून, मी फोनला आमच्या तलावाबद्दल विचारलं. कोणी बांधला, किती जुना, असं. बाईने सांगितलं की याविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही. आणि मग त्याच स्वच्छ आवाजात म्हणाली, या तलावावरील पाणकराच्या निष्काळजीपणामुळे टोकाकडील शेतकऱ्यांचे धानपीक वाया गेल्याची नोंद आहे.

मी फोन उलटा करून ठेवला. तलावाला शंभराहून जास्त वर्षं झाली असतील. त्याची पार कोणी घातली, दुष्काळात तो कोणी राखला, तीन पिढ्या कोण त्याच्या पाण्यात उतरलं, यातलं एक अक्षर कोणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. लिहिलेलं एकच होतं, आणि ते मी लिहिलं होतं. जुन्या दिवसांत ते दहाव्या-पंधराव्या पानावर पडून राहिलं असतं, आणि वाचणाऱ्याला निदान दिसलं असतं की हे कोण्या समितीच्या सचिवाचं निवेदन आहे. त्याने विचारलं असतं, हा सांगणारा कोणत्या गावचा? आता सांगणारा दिसत नव्हता. माझं खोटं तिच्या आवाजात खरं झालं होतं.

मी ते दुरुस्त करायचा प्रयत्न केला. त्या संकेतस्थळाला फोन लावला, नंबर बंद. कोणी म्हणालं, चालवणारा मुंबईला गेला, पान तसंच राहिलं. उत्तराखाली अंगठ्याची दोन चित्रं असतात. मी खाली वळलेला अंगठा दाबला. प्रतिसादाबद्दल धन्यवाद, असं आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. मी तिला सांगितलं, हे चूक आहे. तिने लगेच माफी मागितली. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे," म्हणाली. किती सहज. आठवड्याने विचारलं तेव्हा पुन्हा तेच सांगत होती.

तेव्हा ठरवलं की सिहोऱ्याला जायचं. पण जाऊन काय बोलायचं? बत्तीस वर्षं मुलांना निबंध सांगितले, आणि मला चार ओळी सुचेनात. शेवटी मी पुन्हा तिलाच विचारलं. एका जुन्या मित्राची क्षमा मागायची आहे, पत्र लिहून दे. तिने निमिषात दिलं. सुंदर होतं. पश्चात्ताप, विश्वास, मनावरचं ओझं, सगळे शब्द आपापल्या जागी. साकोलीला दुकानात छापून घेतलं आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

तो लेकीच्या अंगणात खाटेवर बसला होता. फार वाळला होता. मला पाहून उठायला लागला.

"बसा ना भाऊ."

"गुरुजी आले, आन् मी बसून राहू?" मग लेकीला हाक मारली, "बाई, चहा ठेव. आमच्या गावचे गुरुजी आले."

लेक चहा घेऊन आली ती तोंड फिरवूनच. कप ठेवला आणि म्हणाली, "गावाची लय आठवण काढतेत म्हनून मी एक दिवस फोनले बाबाच्या तलावाचं इचारलं. म्हटलं, आयकतीन तं बरं वाटन. काय आयकावं लागलं, तुम्हाले ठाऊकच असन."

तो लेकीवर रागावला. "जाय वं तू." मग माझ्याकडे वळून, हसल्यासारखं करत म्हणाला, "काही नाही गुरुजी. त्या बाईनं आता तुडूम पाह्यलं असन."

त्याने मला टोमणा मारला की मला सोडवलं, हे अजून ठरवता येत नाही. पत्र खिशात होतं. हात खिशापर्यंत गेला. पण ते पत्र त्याच बाईने लिहिलं होतं जिने त्याला त्याच्या लेकीच्या घरात हलगर्जी ठरवलं, आणि तिला ते सांगणारा मी होतो. तो कागद मी त्याला वाचून दाखवू शकलो नाही. आणि कागद नसता तर बोललो असतो, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आम्ही पावसाचं बोललो. त्याने विचारलं, "खालचा दट्ट्या बदलला का? सडला होता." मी म्हणालो, बदलतो. बदलला नव्हता. निघताना तो फाटकापर्यंत आला. बसस्टॉपवर मी पत्राचे तुकडे केले.

पुन्हा जाऊ, म्हटलं. रोवणी आटोपली की जाऊ, धान कापला की जाऊ. दिवाळीनंतर गावोगाव मंडईच्या जत्रा भरतात त्या दिवसांत काकूचा निरोप आला की तो गेला, आणि क्रियाकर्मही झालं. त्याच्या घरून मला कोणी कळवलं नव्हतं. का कळवावं?

एक गोष्ट अजून राहिली. ती बायकोलाही ठाऊक नाही. त्या सभेत मी विचारला तो प्रश्न माझा पहिला प्रश्न नव्हता. आदल्या दिवशी घरी मी तिला सगळं नीट सांगून विचारलं होतं. कन्हार, बर्डी, पारेचा पाझर, सगळं. ती म्हणाली होती, अशा ठिकाणी स्थानिक जमीन आणि जुनी वाटपाची पद्धत पाहून ठरवावं, आणि तलाव सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा. तिने मला त्याच्याच अंगणात पाठवलं होतं. मला तिथे जायचं नव्हतं. म्हणून मी प्रश्न बदलला. एकदा, दोनदा, तीनदा. जमिनीचं काढून टाकलं, पाझराचं काढून टाकलं, आणि मला हवं ते उत्तर येईल असा प्रश्न तयार करून सभेला गेलो. पूर्वीची पानं मला हवं तसं बोलली नाहीत तर माझा इलाज नसे; तिला चौथ्या खेपेला बोलतं करता आलं. म्हणून तिला बोल लावायचा अधिकार मला नाही.

मी आता सचिव नाही. रजिस्टर दुसऱ्याच्या कपाटात आहे आणि त्या पानावर माझं अक्षर तसंच आहे. दट्ट्या सिमेंटचा झाला. पाणी कोण सोडतो ते दरवर्षी बदलतं. जो सोडतो तो खिशातून फोन काढून विचारतो. टोकाच्या दोन बांध्या पडीत आहेत. त्या दिवशी लेकीच्या फाटकाजवळ तो उभा होता आणि बस यायला वेळ होता, तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं:

भाऊ, तो ठराव मी मांगून लिहिला. तुमी सही केली तवा पान कोरं होतं. मुदत तुमी मांगली होती, आमी देल्ली नाही. टोकाचं पानी तुमी नाही तोडलं, मी तोडलं. त्या बाईले तुमचं काही ठाऊक नव्हतं. मले सगळं ठाऊक होतं. माहं चुकलं. मले माफ करा.